जठरातील जिवाणू आणि मुलांचा मधुमेह: पालकांनी काय तपासावे आणि कशाच्या मागे लागू नये

जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे लहान मुलांना मधुमेह होतो, किंवा तो जिवाणू मारला की मधुमेह आटोक्यात येतो, अशा आशयाचा मजकूर वाचून दोन प्रकारचे पालक धास्तावतात. ज्यांच्या मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे नुकतेच कळले आहे, त्यांना वाटते की पोटदुखीकडे वेळीच लक्ष दिले असते तर हे टळले असते. ज्यांच्या मुलाच्या अहवालावर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असे छापून आले आहे, त्यांना वाटते की आता मधुमेह ठेवलेलाच. या दोन्ही समजुतींना आजच्या पुराव्याचा आधार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पोटाचे आणि मुलांच्या मधुमेहाचे नाते मात्र खरे आहे. या मधुमेहाची सुरुवात पुष्कळदा पोटाच्या संसर्गासारखी दिसते. मधुमेह असलेल्या मुलाला पोटाचा कोणताही संसर्ग झाला की साखरेचे गणित बिघडते. आणि टाइप १ मधुमेहाच्या जोडीने पोटाचे काही वेगळेच आजार येतात, ज्यांचे खापर या जिवाणूवर फुटते. ज्या गोष्टीत उशीर परवडत नाही, ती प्रथम घेतो.

उलट्या आणि पोटदुखी असेल तर आधी साखर

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट होत जातात. इन्सुलिन नसले की रक्तात भरपूर साखर असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात. डायबेटिक कीटोॲसिडोसिस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘डीकेए’, तो हाच. या अवस्थेत मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होते. कधीकधी पोट इतके दुखते की अपेंडिक्सची शंका यावी. अशा वेळी ‘पोटात इन्फेक्शन झाले आहे’ एवढ्यावर घरच्यांचे आणि कधी दवाखान्याचेही समाधान होते, उलटी थांबवण्याचे औषध आणि अँटिबायोटिक सुरू होते, आणि जो काळ इन्सुलिनचा असायला हवा तो हातातून निघून जातो.

फरक ओळखण्याची सर्वांत उपयोगी खूण लघवीत आहे. साध्या गॅस्ट्रोमध्ये बहुधा जुलाब असतात आणि अंगातले पाणी कमी झाल्यामुळे लघवी कमी होते, गडद होते. डीकेएमध्ये मूल सुकलेले असते, जीभ कोरडी पडलेली असते आणि तरीही ते वारंवार, भरपूर लघवी करत असते. ही विसंगती लक्षात आली की मागचे दोन-तीन आठवडे आठवून पाहावेत: मूल रात्री उठून पाणी मागत होते का, अंथरूण ओले करणे थांबलेले असताना ते पुन्हा सुरू झाले का, दोन घास जास्त खाऊनही चड्डी कमरेवरून घसरू लागली का. न्हाणीघरात लघवीला मुंग्या लागतात ही आजीने सांगितलेली खूण हसण्यावारी नेऊ नये, मात्र मुंग्या दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये. मूल अंथरुणात पडल्या पडल्या धावून आल्यासारखा खोल आणि जलद श्वास घेत असेल, तोंडाला अतिपिकलेल्या फळासारखा वास येत असेल किंवा हाक मारल्यावर ते गुंगीतून उत्तर देत असेल, तर घरी काहीही करून पाहण्याची वेळ उलटून गेलेली आहे. थेट रुग्णालय गाठावे.

तपासणी एका मिनिटाची आहे. शेजाऱ्यांचा, आजोबांचा किंवा जवळच्या दवाखान्यातला ग्लुकोमीटर चालतो, परंतु लॅन्सेट म्हणजे टोचण्याची सुई नवीच हवी. मुलाचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण नुकत्याच खाल्लेल्या केळ्याची किंवा लाडवाची साखर बोटाला लागलेली असेल तर आकडा उगाच फुगतो. बोटाच्या मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचले तर कमी दुखते. उपाशीपोटी तपासणीसाठी सकाळची वाट पाहू नये: वरील लक्षणे असलेल्या मुलाची साखर दिवसाच्या कोणत्याही वेळी २०० मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक आली तर तो मधुमेहच समजून त्याच दिवशी, मुलांना दाखल करून घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी महत्त्वाची असली, तरी तिच्या अहवालासाठी एक रात्रही थांबण्याचे कारण नाही.

आपल्याकडे आजारी मुलाला ‘एक सलाइन लावून घेऊ’ ही पद्धत फार रुळलेली आहे. सलाइनमध्ये ग्लुकोज असू शकते आणि डीकेए झालेल्या मुलाला द्रव किती वेगाने द्यायचा याचे हिशोब वेगळे असतात. फार भराभर दिल्यास मेंदूला सूज येण्याचा धोका मानला जातो. म्हणून सुई लागण्याआधी ‘डॉक्टर, एकदा साखर बघाल का?’ एवढे विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि कोणत्याही समंजस डॉक्टरला तो तसा वाटणारही नाही.

हा जिवाणू कोण

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्री आकाराचा जिवाणू आहे. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जिवाणू तग धरू शकत नाही, असे वैद्यकात दीर्घकाळ मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे कल्चर स्वतः पिऊन जठराला येणारी सूज सिद्ध केली. या कामाला २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणू टिकतो तो युरीएज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे): जठरातील युरियापासून तो अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करून घेतो. पुढे येणारी श्वासाची तपासणी याच गुणावर बेतलेली आहे.

संसर्ग बहुतेकदा बालपणी, घरातल्याच माणसांकडून होतो आणि उपचार न केल्यास अनेक वर्षे राहतो. भारतात तो इतका सर्वत्र आहे की तपासायला गेल्यास असंख्य निरोगी माणसांत सापडेल. बहुतेकांना त्याचा कधी त्रास होत नाही. काहींना जठराची सूज किंवा अल्सर होतो, आणि मोठेपणी थोड्यांना जठराचा कर्करोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. जो जिवाणू गल्लीतल्या कित्येक मुलांच्या पोटात आहे, तो मधुमेह असलेल्या मुलाच्या पोटातही सापडला, तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

संबंधाचा दावा कसा वाचावा

असा दावा समोर आला की मी तीन गोष्टी पाहतो, आणि पालकांनीही त्या पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे मधुमेह कोणता. मुलांना होणारा मधुमेह बहुतांशी टाइप १ असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते. मोठ्यांचा टाइप २ हा वेगळा आजार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो भागात साठीच्या पुढच्या ७८२ लॅटिनो व्यक्तींचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेतला गेला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एच. पायलोरीची लागण असलेल्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २.७ पट आढळले. अभ्यास लक्षणीय आहे, पण तो वृद्धांचा आणि प्रामुख्याने टाइप २ संबंधीचा आहे. तो आकडा आठ वर्षांच्या मुलीच्या टाइप १ मधुमेहाला चिकटवणे ही सरळ गफलत आहे, आणि ती सर्रास होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी कोणती. तुर्कस्तान, इटली, इजिप्त, इराण अशा देशांत टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची तुलना निरोगी मुलांशी झाली आहे. काही ठिकाणी मधुमेही मुलांत लागण अधिक आढळली, काही ठिकाणी फरकच दिसला नाही. यांतील कित्येक अभ्यास लहान आहेत, आणि जिथे रक्तातील प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडींवरून) लागण ठरवली आहे तिथे आणखी एक अडचण येते: प्रतिपिंडे जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाचीही असू शकतात. शिवाय घराची आर्थिक स्थिती, दाटीवाटी आणि पिण्याचे पाणी यांवर या जिवाणूचे प्रमाण अवलंबून असल्याने, तुलनेसाठी घेतलेली मुले कोणत्या वस्तीतली होती यावर निष्कर्ष फिरू शकतो.

तिसरी आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे आधी काय घडले. टाइप १ मधुमेहाची लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक महिने, बऱ्याचदा अनेक वर्षे, रक्तात इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या बीटा पेशींतील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे दिसू लागतात. अशी दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना पुढील दहा वर्षांत मधुमेह झाल्याचे फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतील मुलांच्या पाहणीत दिसले आहे. म्हणजे निदानाच्या दिवशी पोटात सापडलेल्या जिवाणूला कारण म्हणायचे, तर तो ही प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी तिथे होता आणि त्याच्यामुळेच ती सुरू झाली, असे दाखवावे लागेल. एका दिवसाच्या तपासणीतून हे दिसणे शक्य नाही.

नकाशा पाहिला तर चित्र उलटेच दिसते. टाइप १ मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्ये. सीमेपलीकडच्या रशियाच्या करेलिया भागातील मुलांशी तुलना केली असता फिनलंडमधील प्रमाण सुमारे सहापट निघाले, आणि एच. पायलोरीची लागण मात्र करेलियातील मुलांत कितीतरी अधिक आढळली. यावरून जिवाणू मुलांचे मधुमेहापासून रक्षण करतो, असाही निष्कर्ष काढू नये. दोन प्रदेशांच्या राहणीत शंभर फरक असतात. पण ‘जिथे जिवाणू तिथे मधुमेह’ हे सूत्र या सीमेवर टिकत नाही, एवढे नक्की.

संसर्गाची कल्पनाच मोडीत निघाली आहे, असे मात्र नाही. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन येथील आठ हजारांवर मुलांना जन्मापासून पाहणाऱ्या ‘टेडी’ अभ्यासात, एन्टेरोव्हायरस बी गटातील विषाणूचा संसर्ग शरीरात दीर्घकाळ रेंगाळणे आणि बीटा पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची सुरुवात यांचा संबंध २०१९ मध्ये दाखवला गेला. तो आतड्यातला विषाणू आहे, जिवाणू नव्हे. २०२४ मध्ये कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी क्लेबसिएला ऑक्सिटोका या आतड्यातील जिवाणूच्या प्रथिनामुळे चेतवल्या जाणाऱ्या काही टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) बीटा पेशींनाही मारू शकतात, असे प्रयोगशाळेत दाखवले, आणि तेही विशिष्ट जनुकीय प्रकार असलेल्या व्यक्तींच्या संदर्भात. हे संशोधन मोलाचे आहे. परंतु त्यातून आज कोणत्याही मुलासाठी औषध, लस किंवा नवी तपासणी निघालेली नाही, आणि ‘पोटातल्या जंतूमुळे मधुमेह’ हा मथळा वाचताना तो जंतू एच. पायलोरी नव्हता, हे लक्षात ठेवावे.

‘जंतू मारला आणि इन्सुलिन कमी झाले’

असे सांगणारे पालक खोटे बोलत नसतात. टाइप १ मधुमेहाचे निदान होऊन इन्सुलिन सुरू झाल्यावर पुढील काही आठवडे किंवा महिने उरलेल्या बीटा पेशी काहीशा सावरतात आणि इन्सुलिनची गरज घटते. याला ‘हनिमून’ काळ म्हणतात. नेमक्या याच काळात पालक धडपडून सगळ्या तपासण्या करून घेत असतात, त्यात एच. पायलोरी सापडतो, औषधांचा कोर्स होतो आणि त्याच सुमारास इन्सुलिनचे युनिट खाली येतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जाते. हा काळ संपल्यावर गरज पुन्हा वाढते. या भरवशावर इन्सुलिन बंद केले, तर डीकेए अटळ आहे. मग ते बंद करायला सांगणारा कोणत्याही पॅथीचा असो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. या जिवाणूमुळे काही मुलांत लोह कमी पडून रक्तक्षय होतो, आणि लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. जिवाणू गेला, लोह दिले, रक्त सुधारले की हा आकडा खाली येतो, आणि साखर तेवढीच राहूनही मधुमेह सुधारल्यासारखे वाटते. ग्लुकोमीटरची वही एक सांगते आणि एचबीए१सी दुसरेच, असे झाले तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. हे विचारायला जिवाणू सापडलेला असण्याचीही गरज नाही.

जिवाणूची तपासणी केव्हा करावी

मुलाला मधुमेह आहे, एवढ्या कारणासाठी करू नये. आणि जिवाणू सापडला एवढ्या कारणासाठी मधुमेहाच्या तपासण्यांचा धडाका लावू नये. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या संयुक्त सूचना असे सांगतात की मुलांमध्ये नुसत्या पोटदुखीसाठी हा जिवाणू शोधत बसू नये, आणि ‘तपासा व सापडला तर मारा’ हे मोठ्यांचे धोरण मुलांना लावू नये. दुखण्याचे कारण शोधायचे असते, आणि ते पुष्कळदा दुसरेच निघते. सतत उलट्या, रक्ताची उलटी, काळी शी, घटणारे वजन, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा लोहाचे औषध नीट घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय असेल तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून जठराचे तुकडे तपासले जातात. मुलांत उपचाराचा निर्णय त्यावर घेणे योग्य मानले जाते.

रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी स्वस्त असते आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये कधीकधी आपसूक येते. मुलांसाठी तिच्यावर विसंबून औषध सुरू करू नये. श्वासाची किंवा शौचातील अँटिजेनची, म्हणजे जिवाणूच्या अंशांची, चाचणी अधिक विश्वासार्ह आहे, आणि उपचारानंतर जिवाणू गेला की नाही हे पाहण्यासाठी तिचा खरा उपयोग होतो. श्वासाच्या चाचणीत मूल आधी एका पिशवीत फुंकते, मग खुणेचा कार्बन असलेले युरियाचे पेय पिते आणि साधारण अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकते; जिवाणू असेल तर त्याच्या युरीएजने फोडलेल्या युरियातला तो कार्बन उच्छ्वासात उतरतो. मुलांसाठी किरणोत्सारी नसलेला कार्बन १३ वापरणारी चाचणी मागावी.

मधुमेह असलेल्या मुलाच्या पोटदुखीत माझ्या मते आधी सिलिॲक आजार पाहायला हवा. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा हा आजारही स्वयंप्रतिकारातून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने, होतो आणि टाइप १ मधुमेहाच्या मुलांत तो इतरांपेक्षा बराच अधिक असतो. म्हणून निदानाच्या वेळी आणि पुढील काही वर्षांत, त्रास नसला तरी, टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सुचवली जाते. पोट फुगणे, उंची न वाढणे, रक्तक्षय, आणि इन्सुलिन तेच असताना साखर वरचेवर खाली जाणे ही लक्षणे असतील तर ती टाळूच नये. तपासणी होईपर्यंत मुलाची पोळी बंद करू नये. आधीच गहू सोडला तर अहवाल फसवा येतो. याशिवाय बद्धकोष्ठता असते, आणि मुलाचे पोट दुखण्यामागे ती किती वेळा निघते हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

उपचार ठरलाच तर

एच. पायलोरीवरील उपचारात आम्ल कमी करणारे औषध आणि दोन अँटिबायोटिक, कधी बिस्मथही, बहुधा १४ दिवस दिले जाते. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल यांना दाद न देणारे जिवाणू बरेच आढळतात, म्हणून शक्य तिथे जठराच्या तुकड्यातील जिवाणूवर कोणते औषध चालते हे पाहून निवड केली जाते. अर्धवट सोडलेला कोर्स पुढच्या उपचाराची वाट अवघड करतो. बिस्मथमुळे शी काळी होते आणि मेट्रोनिडॅझोलमुळे लघवी गडद होऊ शकते. आधी माहीत असले की रात्री घाबरगुंडी उडत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत खरी अडचण भुकेची असते. या औषधांनी तोंडाला कडवट, धातूसारखी चव येते, मळमळते, आणि इन्सुलिन टोचून झाल्यावर मूल ताटावरून उठते. मग साखर खाली येते. म्हणून कोर्स सुरू होण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे की या चौदा दिवसांत जेवणाचे जलद इन्सुलिन, मूल प्रत्यक्षात किती जेवले ते पाहून, जेवणानंतर लगेच दिले तर चालेल का. लिव्होफ्लॉक्सॅसिन गटातील अँटिबायोटिक लिहून दिले असेल तर मुलाला मधुमेह असल्याची आठवण करून द्यावी, कारण ही औषधे साखर वर किंवा खाली नेऊ शकतात.

एंडोस्कोपी आणि श्वासचाचणी दोन्हींसाठी उपाशी राहावे लागते. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, दीर्घकाळ चालणारे बेसल इन्सुलिन डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे, ते ‘काही खाल्लेले नाही’ म्हणून चुकवू नये, आणि ग्लुकोमीटर व साखर पिशवीत ठेवून दर तासाला तपासावे. साखर ७० च्या खाली गेली तर चाचणी गेली तरी चालेल. आधी साखर द्यावी. उपचार संपल्यावर अँटिबायोटिक थांबून किमान चार आठवडे आणि आम्ल कमी करणारे औषध थांबून किमान दोन आठवडे झाल्याशिवाय पुन्हा तपासणी करू नये. घाईने केलेली चाचणी जिवाणू असूनही ‘निगेटिव्ह’ येते.

मधुमेह असलेल्या मुलाला पोटाचा संसर्ग झाला तर

इथे कारण एच. पायलोरी आहे, रोटाव्हायरस आहे की लग्नातले जेवण, याने फारसा फरक पडत नाही. नियम एकच: बेसल इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही. मूल काही खात नाही म्हणून इन्सुलिन नको, हा अगदी स्वाभाविक वाटणारा विचारच मुलांना अतिदक्षता विभागात नेतो.

साखर दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तपासावी आणि त्याबरोबर कीटोन पाहावेत. लघवीची पट्टी ओली करून जास्तीची लघवी कडेने निथळू द्यावी आणि डबीवर लिहिलेले सेकंद घड्याळात मोजून रंग ताडून पाहावा. फिकट बदामी रंग गुलाबी आणि मग गर्द जांभळट होत जातो. उशिरा पाहिलेला रंग चुकीचा असतो. रक्तातील कीटोन मोजणारे यंत्र असेल तर ०.६ पेक्षा कमी आकडा चांगला, १.५ च्या पुढे गेल्यास डॉक्टरांना तातडीने फोन, आणि ३ किंवा त्याहून अधिक असल्यास रुग्णालय. लघवीची पट्टी रक्ताच्या मागे राहते, म्हणून तिच्यावर रंग फिका आहे एवढ्यावरून उलट्या करणाऱ्या मुलाबाबत निश्चिंत राहू नये. जादा इन्सुलिन किती द्यायचे याचे कोष्टक मूल बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजच्या दारावर लावावे.

प्यायला घोट घोट, सतत द्यावे. साखर जास्त असेल तर पाणी, मीठ घातलेले पातळ ताक किंवा वरणाचे पाणी. साखर कमी किंवा मध्यम असेल तर भाताची पेज आणि ओआरएस. ओआरएसमधल्या ग्लुकोजची अनेक पालकांना भीती वाटते. जुलाब लागलेल्या मधुमेही मुलालाही ते द्यायचे असते, इन्सुलिन त्यानुसार सांभाळले जाते. गॅस्ट्रोमध्ये साखर उलट खालीही जाते. ती ७० च्या खाली आल्यास वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे तीस किलोच्या मुलाला साधारण दोन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. उलटी दोन तासांहून अधिक काळ थांबत नसेल, साखर वर येत नसेल, श्वास खोल झाला असेल, मूल झोपाळलेले असेल किंवा ते पाच वर्षांहून लहान असेल, तर घरी थांबू नये.

घरातली इतर मुले

एका मुलात एच. पायलोरी सापडला म्हणून त्रास नसलेल्या भावंडांची तपासणी करून त्यांना औषधे देण्याची गरज नसते. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पिण्याचे पाणी सुरक्षित असणे आणि बाळाचा घास मोठ्यांनी आपल्या तोंडात चावून न देणे एवढे पाळावे. मधुमेहाविषयी मात्र भावंडांवर लक्ष ठेवावे. टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडाला आयुष्यात तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांतील पाहणीनुसार सुमारे ५ टक्के, म्हणजे सर्वसाधारण मुलापेक्षा बरीच अधिक असते. परवडत असेल आणि प्रयोगशाळा उपलब्ध असेल तर वर उल्लेखिलेल्या प्रतिपिंडांच्या तपासणीविषयी बालमधुमेहतज्ज्ञांशी बोलावे. नसेल तरी, धाकटे भावंड रात्री पाण्यासाठी उठू लागले किंवा त्याने पुन्हा अंथरूण ओले केले, तर घरातल्याच ग्लुकोमीटरवर, नवी लॅन्सेट लावून, त्याच वेळी साखर पाहावी.